अपू, बंद कर ना

चिंचवड, ९ जानेवारी

अपेक्षा,

प्रिय-बिय काही लिहीत नाही, उगाच खोटं कशाला? फोनवर मला लिहायचंच नाहीये. फोनवर लिहिलं की त्याचा स्क्रीनशॉट होतो आणि तो कुठं कुठं फिरतो, ते आमच्या घराला तुझ्या कृपेनं चांगलं कळलंय. म्हणून कागद घेतलाय. पोस्टमनला तुझी कुरुळीची खोली सापडली तर वाच.

केलंस ना शेवटी? कुरुळी फाट्यावर कंपनीच्या बसमधून उतरलीस, तोंडाला स्कार्फ, पाठीला सॅक, आणि फोन काढून उभी राहिलीस. समोर तुझे दाजी होते गं. माझा नवरा. त्या टेम्पोवाल्याला एक मारली त्यांनी. मारली, मी नाही म्हणत नाही. शिफ्ट सुटल्यावर नाशिक रोडला काय गर्दी असते ते तुला मी सांगायला नको. माणूस सकाळपासून धूर खात उभा, त्यात तो बरकत का कोण, टेम्पो आडवा लावून वर म्हणतो, कागदपत्रं फोनमध्ये आहेत, आणि फोन काही उघडेना. गेला हात. पोलिसाचा हात जातो कधीकधी, तू काय पहिल्यांदा पाहिलंस?

आणि वर तुझं ते भाषण! "रस्ता सगळ्यांचा आहे साहेब, आणि तुम्ही ड्युटीवर आहात. मी काढणार." अगं बाई बाई! शाळेत कविता म्हणायला उभं केलं की मी दाराआडून एकेक ओळ पुरवायची तेव्हा बाईसाहेबांचं तोंड उघडायचं. मग हा आवाज कुठून आणलास? मी तर ऐकतच राहिले.

हे निलंबित झालेत. दिवसभर घरात असतात. खाली दूध आणायला गेले तरी पोरं बघून हसतात, म्हणून आता तेही मीच आणते. यांचा चेहरा अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिला. तुझा कुणी पाहिला? तू स्कार्फमध्ये सुखरूप. तुझं खासगी ते खासगी आणि आमचं सगळं चव्हाट्यावर, हा कुठला न्याय? ड्युटीवरचा पोलीस सगळ्यांचा असेल, पण संध्याकाळी तो चेहरा माझ्याच घरी येतो ना.

आईकडे रडायला गेले, तर आईनं काय म्हणावं? "व्हय गं, तुझं खरं हाय. पन पोरीनं धाडस केलं, त्येबी मानायला नको का?" माझ्या तोंडावर! तिकडं रहाटणीत घरातल्या घरात मिरवतेय ती. लहानपणी तुला ताप आला तरी कौतुक आणि मी पहिली आले तरी 'बरं, भाकरी टाक'. अजून तेच चाललंय.

पण खरं तर मला हे लिहायचंच नव्हतं.

तू ती क्लिप बाहेर टाकायच्या आधी आपल्या घरच्या ग्रुपवर टाकलीस. पूर्ण. 'हे मी टाकणार आहे, आधी तुम्ही बघा' म्हणून. मग बाहेर सोडताना शेवटचा तुकडा कापलास. घराची लाज राखलीस म्हणे. पण माझ्या फोनमध्ये तो आहे. त्यात हे तावातावानं तुझ्याकडे येतात, फोनवर हात घालणार तेवढ्यात तुझा आवाज ओळखतात, थांबतात, आणि म्हणतात, "अपू? अपू, बंद कर ना. प्लीज, बंद कर ना गं."

अपू.

कधीपासून गं अपू? आम्ही सगळे तुला अपे म्हणतो, आई अपेक्षे म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे 'ए' म्हणतात. पाहुणे असले तर 'ऐकलं का'. प्लीज हा शब्द यांना येतो हे मला त्या क्लिपमध्ये कळलं. लोक तो व्हिडिओ थप्पड बघायला लावतात. मी थप्पड पुढं ढकलते आणि शेवट बघते. पुन्हा लावते, पुन्हा बघते. भाजी करपली परवा.

मला खरं काय ते सांग. एवढंच.

मोनिका


चिंचवड, १७ जानेवारी

अपेक्षा,

उत्तर नाही आलं. नको देऊस.

परवा आमच्या पोलीस लाइनीत हळदीकुंकू झालं. मी जाणारच नव्हते, शालनबाई हाताला धरून घेऊन गेल्या. समोरच्या घरात राहतात त्या, मनानं बऱ्या आहेत, पण तोंडाला कुलूप नाही. वाण हातात द्यायच्या आधीच सुरू झालं. कोण असेल हो ती मुलगी? काय बाई आवाज तिचा! माझी सून म्हणते, अशी पोरगी पाहिजे आपल्यात. पोलिसांच्या बायका गं त्या, आणि कौतुक तुझं! मी तिळगूळ चावत बसले.

घरी आले आणि तो शेवटचा तुकडा हळदीकुंकवाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ही ती मुलगी. ओळखा.'

हो, मीच टाकला. फिरवून फिरवून कशाला सांगू? मला वाटलं, बघू देत सगळ्यांना, ही कोण झाशीची राणी लागून गेलीये, हिला माझा नवरा कुठल्या नावानं हाक मारतो. वाटलं, बायकांतच राहील. बायकांतल्या गोष्टी बायकांत राहत नाहीत हे मला या वयात शिकायचं होतं. संध्याकाळपर्यंत शालनबाईंच्या भाच्यानं तो कुठं कुठं चढवला होता.

तुझ्याकडे पोचलाच असेल. मला वाईट वाटलं का? पहिल्या दिवशी नाही वाटलं. पहिल्या दिवशी जेवण गोड लागलं.

आज सकाळी आईचा फोन. म्हणाली, तू तिच्याजवळ एकच गोष्ट विचारलीस. माझ्याबद्दल राग नाही, शिव्या नाहीत, काही नाही. "ताईचा कान कसा आहे?" एवढंच.

माझ्या कानाचं तुला काय करायचंय? सर्दीनं दडा बसलाय. डॉक्टरला तेच सांगितलंय, आईलाही तेच सांगितलंय. तू जास्त शहाणपणा करू नकोस.

मोनिका


चिंचवड, २८ जानेवारी

अपे,

कुरुळीच्या खोलीमालकानं तुला खोली सोडायला सांगितली असं आई म्हणाली. गेटवर पोरं येऊन 'अपू, बंद कर ना' ओरडून जातात, कंपनीच्या बसमध्ये कुणी तरी ते रिंगटोन लावलंय, आणि व्हिडिओखाली कमेंटी काय काय लिहिल्यात ते मी वाचलं. साली आणि दाजी म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड राहत नाही. एकानं तुझ्या कंपनीचं नाव लिहिलं, दुसऱ्यानं शिफ्टची वेळ. ते मी टाकलं नव्हतं हं. मी फक्त तुकडा टाकला होता.

तू म्हणशील, फक्त! म्हण.

इकडं यांना हुशारी आलीये. बबनराव म्हणून निवृत्त फौजदार आहेत, चौकशीत यांची बाजू तेच बघतात. तो तुकडा पाहून ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "गणराज, वहिनींनी तुला वाचवलं!" त्यांचं म्हणणं असं की रस्त्यावर ड्युटीवरच्या पोलिसाचा व्हिडिओ काढणं हा काही गुन्हा होत नाही, त्यावर भांडून उपयोग नाही. पण काढणारीच्या मनात खोट होती असं दाखवता आलं तर सगळं फिरतं. मग ती थप्पड राहते बाजूला आणि साली येते पुढं. आणि ते कुणी सांगायचं? तर घरातल्या बाईनं, म्हणजे मी.

माझा जबाब त्यांनी तयारसुद्धा केलाय. अपेक्षा आमच्याकडे राहत असताना तिची माझ्या पतीवर नजर होती. पतींनी दाद दिली नाही. म्हणून ती घर सोडून गेली आणि डूख धरून तिनं हा व्हिडिओ काढला. रोज चहा पिताना हे माझ्याकडून म्हणून घेतात. 'डूख' शब्दाला मी अडखळते.

आता खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते सगळं खरंच वाटलं. खरं वाटून बरंही वाटलं. तू आमच्याकडे राहायला होतीस ते दिवस आठव ना. घर कसं हसतं होतं! हे वेळेवर यायचे, येताना वडापाव आणायचे, तुला गाडी शिकवायला मैदानात न्यायचे. माझ्याशीसुद्धा नीट बोलायचे. आमटी खारट झाली तरी ताटावरून उठायचे नाहीत. मी ओट्याशी उभी राहून तुमचं हसणं ऐकायची आणि मनात म्हणायची, हे माझ्यासाठी नाही, हे हिच्यासाठी आहे. ही आहे म्हणून हा माणूस असा आहे. आणि तू कुरुळीला खोली घेऊन गेलीस त्याच आठवड्यात घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. मग मी काय समजायचं, सांग ना? कुठलीही बाई तेच समजली असती.

जळले मी तुझ्यावर. तेव्हाही जळत होते, आताही जळतेय. तुझा पगार, तुझा ओव्हरटाइम, तुझी स्वतःची किल्ली, कुणाला न विचारता रस्त्यात फोन काढायची तुझी हिंमत. एकाच आईच्या पोटच्या ना आपण? मग सगळं तुझ्याच वाट्याला कसं आलं?

पुढच्या आठवड्यात जबाब आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुझं त्यांच्याशी काही होतं का, हे तू एकदा शपथेवर सांगितलंस तर बरं होईल.

ताई


चिंचवड, ४ फेब्रुवारी

अपे,

आईच्या हातून तुझी चिठ्ठी मिळाली. 'ताई, मला गाडी शिकवताना दाजी अपू म्हणायला लागले, मला आवडायचं नाही, मी दोनदा सांगितलं. बाकी काही नाही. शपथ कशाला, तू मला ओळखत नाहीस का?' बस. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढीशी चिठ्ठी. मी ती वाचून फेकूनच दिली होती, मग केराच्या डब्यातून काढली.

आज काय झालं ते ऐक.

सकाळी प्रज्वल म्हणून एक यूट्यूबवाला घरी आला. बबनरावांनीच धाडला होता. पोलिसाच्या घरची बाजू दाखवायची म्हणे. मला नवी साडी नेसायला लावली. मी म्हटलं, घरात कॅमेरा कशाला? तर बबनराव म्हणाले, वहिनी, आपण बोलावलेला कॅमेरा वेगळा. सोफ्यावर आम्हा दोघांना शेजारी बसवलं, माईक लावला, आणि त्या पोरानं बोट वर करून खूण केली.

आणि अपे, माझा नवरा बदलला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्या मोनानं फार सोसलं हो या काळात," म्हणाला. मोना! मग माझ्याकडे वळून, "मोना, दादांना पाणी दे ना गं. प्लीज." तोच आवाज. अगदी तोच, त्या तुकड्यातला. मी उठले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते माझे. ओट्याशी उभी राहून मला हसू आवरेना. म्हटलं, बघ अपे, मलाही मिळाला. मनातल्या मनात तुला वाकुल्या दाखवल्या मी.

ते सगळं आटोपलं. प्रज्वलनं सामान आवरलं, नमस्कार केला, जिना उतरला. बबनराव त्याला सोडायला खाली गेले. यानं दार लावलं.

मी पाण्याबरोबर काही खायला ठेवलं नव्हतं. चार लोकांत लाज काढलीस म्हणाला. पुढचं लिहीत नाही. त्याच कानावर, एवढं सांगते.

खाली पडले तिथंच बसून राहिले बराच वेळ. रडू आलं नाही. मी एकच विचार करत होते. आवाज तोच होता ना मघाशी? मग तो गेला कुठं? तर जिना उतरून गेला. त्या पोराच्या बॅगेत बसून गेला. अगं, तो आवाज माझ्यासाठी नव्हताच. आणि तुझ्यासाठी पण नव्हता गं! फाट्यावर त्यानं प्लीज म्हटलं ते तुला नाही, तुझ्या हातातल्या फोनला म्हटलं. आणि तू आमच्याकडे राहत होतीस तेव्हा तो शहाण्यासारखा वागायचा, तो तुला भुलून नाही. घरात आणखी दोन डोळे होते म्हणून. तू गेलीस आणि डोळे गेले.

म्हणजे मी इतके दिवस कशावर जळत होते, सांग? नवऱ्याच्या भीतीला मी प्रेम समजले आणि ते तुला मिळालं म्हणून तुझा राग केला. हसावं का रडावं मला कळेना.

त्यानं माझ्यावर हात उचलला की तो घरातला मामला. लाइनीत प्रत्येक भिंतीतून पलीकडचं ऐकू येतं, पण दुसऱ्याच्या घरात कुणी डोकावत नाही. शालनबाईंनी दुपारी हळदीचं दूध आणून दिलं. काय झालं विचारलं नाही. सर्दी वाढली का, म्हणाल्या.

जबाब सोमवारी आहे.

ताई


रहाटणी, १० फेब्रुवारी

अपे,

आधी हे सांगते की मी आईकडे आहे. गणराज इथं येऊन गेला, दारात उभा राहून दोन्ही हात जोडले, कारण शेजारी बघत होते. आई म्हणाली, "जावईबापू, पोरगी झोपलीया. तुमी जावा आता." मी झोपले नव्हते, दाराआड उभी होते. आईचं मला पहिल्यांदा कौतुक वाटलं.

आता जबाबाचं.

सोमवारी मला त्यानंच गाडीवर नेलं. वाटेत सिग्नलला थांबलो की मान वळवून विचारायचा, "डूख धरून, काय?" मी म्हणायची, "डूख धरून." बबनराव ऑफिसच्या पायरीवरच उभे होते. दोघांना बाहेर बाकावर बसवलं आणि मला एकटीला आत घेतलं.

चौकशी करणाऱ्या मॅडम आपल्या मोठ्या मावशीच्या वयाच्या असतील. टेबलावर स्टँडला कॅमेरा. म्हणाल्या, "जबाब कॅमेऱ्यावर घेते, म्हणजे नंतर कुणी काही फिरवायला नको. पण तुमची तयारी नसेल तर लिहून घेऊ. घाई नाही." मला कुणी असं विचारेल याची सवयच नाही गं. मी म्हटलं, "चालू करा." लाल दिवा लागला.

त्यांनी नाव विचारलं, पत्ता विचारला, मग म्हणाल्या, "तो शेवटचा भाग तुमच्या बहिणीनं पसरवला का?" मी म्हटलं, "नाही, तिनं तो कापला होता. मी पसरवला. तिचं नाव त्यातून बाहेर गेलं ते माझ्यामुळं, तिची खोली गेली ती माझ्यामुळं. हेही घ्या." मॅडमनी मान वर करून बघितलं. ते सगळं आता रेकॉर्डवर आहे अपे, कुणी नाकारू शकत नाही, मीसुद्धा नाही. तुझ्या कंपनीला दाखवायला त्याची प्रत मिळते का, ते मी विचारलंय.

मग त्यांनी विचारलं, "तुमच्या बहिणीची तुमच्या पतीवर नजर होती, असं इथं त्यांच्या बाजूनं मांडलंय. खरं आहे का?"

बाहेर बाकावर त्याचा बूट हलताना दाराखालून दिसत होता. मला तेव्हाही तुझा राग येत होता, हे तुला खरं सांगते. सगळं कळलं म्हणून राग लगेच जातो थोडाच? बबनरावांनी बसवलेली वाक्यं ओठांवर तयार होती, नुसतं तोंड उघडायचं की आपोआप आली असती. आणि तुझं वाटोळं झालं असतं, आणि मी घरी गेले असते.

मी म्हटलं, "नाही."

"मग तिनं व्हिडिओ का काढला असेल?"

"समोर माणूस मार खात होता म्हणून."

"पण तुम्ही तो भाग पसरवलात म्हणजे तुमच्या मनात काहीतरी असणार. वैर आहे का बहिणीशी?"

"वैर नाही मॅडम. हेवा आहे."

"बहिणीचा?"

"आधी वाटायचं तिचाच. पण तिचा नाही," मी म्हटलं आणि कानावरचे केस मागं घेतले. "मला त्या बरकतचा हेवा वाटतो. त्याला एकच बसली आणि ती सगळ्यांनी बघितली."

मॅडमनी कॅमेरा बंद केला नाही. उठून दाराची कडी आतून लावली, परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सावकाश सांगा."

तुझी ताई